दुसऱ्या रिमोटचं सॉकेट

१

दुपारचं जेवण नळीतून देऊन झालं की तात्यांना सांभाळायला ठेवलेली सज्जनबाई त्यांचं तोंड ओल्या फडक्यानं पुसायची, पलंगाची उशाकडची बाजू हँडल फिरवून जरा उंच करायची आणि आपला डबा घेऊन मागच्या ओट्यावर जायची. मग ती परत येईपर्यंत तात्यांजवळ मुक्ता बसायची. खिडकीला वाळ्याचा पडदा, बाहेर एप्रिलचं ऊन, कूलरची घरघर. माधव नगरातली ती गल्ली त्या वेळी इतकी निपचित पडलेली असे की समोरच्या घरातली कुकरची शिट्टीसुद्धा आपल्याच घरात वाजल्यासारखी वाटायची.

तात्या म्हणजे मुक्ताचे वडील, विनायक मुळे. रेल्वेच्या सिग्नल खात्यात भुसावळहून बदली होऊन ते तरुणपणी उज्जैनला आले आणि इथलेच झाले. होळीनंतर एका सकाळी दाढी करता करता ते आरशासमोर खाली बसले, ते पुन्हा उठले नाहीत. झटका मेंदूच्या पार मुळाशी बसला होता. हात नाही, पाय नाही, वाचा नाही. डोळे तेवढे उघडे असायचे. "आँखें खुली हैं, इसका ये मतलब मत निकालिए कि देख रहे हैं," असं डॉक्टरांनी घरी सोडताना बजावलं होतं.

मुक्ता इंदूरच्या एका ऑफिसात सॉफ्टवेअर तपासायची, रोज बसनं अपडाउन करायची. ते बंद झालं. धाकटा भाऊ विक्रांत पुण्याला होता. आईला जाऊन बरीच वर्षं झाली होती. दुपारच्या वेळी त्या खोलीत नुसतं बसून राहिलं की मन नको तिथे जायचं, म्हणून मुक्तानं एक काम काढलं. माळ्यावरून पाण्याची गादी उतरवताना लहानपणचा टीव्ही गेम सापडला होता. जपानी मशीनची स्वस्तातली नक्कल, पिवळट पडलेली, तरी चालू. आपण या मशीनसाठी स्वतः एक गेम लिहायचा, आणि तोही ॲसेंब्लीत, असं तिनं ठरवलं.

ॲसेंब्ली म्हणजे मशीनच्या जितकं जवळ माणसाला जाता येतं तितकी जवळची भाषा. तिच्यात मोठी वाक्यं नसतात. हा आकडा उचल. तिथे ठेव. शून्य आहे का बघ. असेल तर मागे जा. ऑफिसात इतकी वर्षं दुसऱ्यांच्या चुका शोधून थकलेल्या मुक्ताला ती भाषा भजनासारखी शांत वाटली. लॅपटॉपवर लिहायचं, मेमरी कार्डावर घ्यायचं, ते कार्ड बसणारी एक खास कॅसेट तिनं ऑनलाइन मागवली होती ती मशीनमध्ये खुपसायची, आणि तात्यांच्या खोलीतला जुना डबा टीव्ही लावायचा. पलंगाशेजारी चटई टाकून, तात्यांकडे पाठ करून ती बसायची.

पहिला धडा सोपा होता. काळ्या पडद्यावर एक पांढरा चौकोन, आणि रिमोटची बटणं दाबली की तो सरकला पाहिजे. रिमोट म्हणजे हातात धरायचं खेळायचं यंत्र. त्या काळी सगळी मुलं त्याला रिमोटच म्हणायची. मशीन त्याला दर क्षणाला विचारत राहतं. वरचं दाबलंय? खालचं? डावं? उजवं? पहिल्या रिमोटला विचारायचा पत्ता ४०१६, दुसऱ्याला विचारायचा ४०१७.

त्या दुपारी चौकोन हलेना. मुक्तानं रिमोट गच्च दाबून पाहिला, कॅसेट काढून फुंकर मारून पुन्हा लावली. मग लॅपटॉपवर नजर फिरवली आणि चूक दिसली. ४०१६ च्या जागी तिनं ४०१७ टाइप केलं होतं. ती मशीनला दुसऱ्या रिमोटला विचारायला सांगत होती, आणि दुसरा रिमोट नव्हताच. त्याचं सॉकेट रिकामं होतं.

ती हसली. दुरुस्त करायला तिनं लॅपटॉप मांडीवर घेतला, तेवढ्यात चौकोन एक पाऊल डावीकडे सरकला.

२

मुक्ता घाबरली नाही. घाबरण्यासारखं त्यात काही नव्हतं. सॉकेटला काही जोडलेलं नसलं की आतली तार अधांतरी राहते आणि आसपासच्या विजेचा कुठलाही कचरा उचलते, हे तिनं वाचलं होतं. कूलरची मोटर इतकी जवळ होती. तिनं उठून कूलर बंद केला. खोली एकदम मोकळी झाली, टाकीत पाणी ठिबकल्याचा आवाज येऊ लागला. थोड्याच वेळात तिच्या मानेवर घाम आला.

चौकोन थांबला होता. मग उजवीकडे गेला. थांबला. पुन्हा उजवीकडे.

तिला खटकलं ते हे थांबणं. कचरा असता तर तो थरथरला असता, वेडावाकडा धावला असता. हे तसं नव्हतं. एक बटण दाबायचं, काय झालं ते बघायचं, मग पुढचं दाबायचं. पहिल्यांदा रिमोट हातात घेतलेलं कुणीही असंच करतं. ती स्वतः तसंच करत होती.

लॅपटॉपवर त्याच मशीनची हुबेहूब नक्कल करणारा एक प्रोग्राम होता. त्यात तिनं तोच चुकीचा कोड चालवला. तिथे चौकोन दगडासारखा बसून राहिला. म्हणजे कोडमध्ये दोष नाही, मशीनमध्ये आहे. ऑफिसात ती असंच लिहून वही बंद करायची.

दुसऱ्या दिवशी ती मशीन पिशवीत घालून फ्रीगंजला गेली. तिथे श्रीनाथचं टीव्ही-मिक्सर दुरुस्तीचं दुकान होतं. तात्यांची त्याच्याशी जुनी ओळख. त्यानं आधी तात्यांची तब्येत विचारली, हळहळला, मग चार स्क्रू काढून झाकण उघडलं आणि टॉर्च मारला.

"दीदी, ये दूसरावाला तो दिखावे का है।"

"म्हणजे?"

"ये देखो, पीछे तार ही नहीं है। बोर्ड तक कुछ जाता ही नहीं। बाहर से छेद बना दिया, बस।"

मुक्तानं वाकून पाहिलं. सॉकेटच्या मागे नुसतं प्लास्टिक होतं, त्यावर इतक्या वर्षांची धूळ.

"कुछ और दिक्कत है क्या इसमें?" श्रीनाथनं विचारलं.

"नाही," ती म्हणाली. "नहीं, ठीक है।"

रिक्षात बसल्यावर तिनं स्वतःची समजूत घातली. सॉकेटमागे तार नसली तरी चिपची पिन आहेच. पिन हवा ऐकू शकते. हे सगळं खरंही होतं. तरी घरी पोचेपर्यंत पिशवी तिनं मांडीवर न ठेवता पायाशी ठेवली होती.

३

कोड तिनं दुरुस्त केला. आता पहिल्या रिमोटवर तिचा पांढरा चौकोन नीट चालत होता. पण ४०१७ ची ओळ तिनं पुसली नाही. दुसऱ्या सॉकेटसाठी तिनं वेगळा, राखाडी चौकोन काढला. तपासायची सवय, असं तिनं स्वतःला सांगितलं.

राखाडी चौकोन रोज यायचा. तात्या पडल्यापडल्या डुलकी घेत असले की तो एका जागी बसून असायचा; त्यांचे डोळे उघडले की हलायचा. हे मागे वळून पाहताना लक्षात आलं त्या दुपारी मुक्ताच्या हातून रिमोट खाली पडला.

"तात्या?" तिनं टीव्हीकडे बघतच विचारलं. "तात्या, तुम्ही आहात का?"

चौकोन तिच्या चौकोनाजवळ आला आणि त्याला चिकटून उभा राहिला.

त्या आठवड्यात मुक्ता जितकं शिकली तितकं आधीच्या महिन्यात शिकली नव्हती. छोट्या छोट्या घरांचा तक्ता आखून, एकेक ठिपका भरत तिनं अक्षरं काढली. पडद्याच्या वरच्या कडेला ‘हो’ लिहिलं, खालच्या कडेला ‘नाही’. मग ती विचारायला लागली. तुमची पहिली नोकरी भुसावळला होती? चौकोन वर गेला. आईचं माहेर सागरचं? खाली. वर्ध्याचं? वर. मला लहानपणी मुक्ती म्हणायचात? वर, लगेच वर. मुक्तानं पदर तोंडात कोंबला आणि ती आवाज न करता रडली. झटक्यानंतर ती एकदाही रडली नव्हती.

सज्जनबाई डबा धुऊन आली तेव्हा मुक्तानं तिला सांगून टाकलं. सज्जनबाई भैरवगढची. पन्नाशीची बाई, कमी बोलणारी, अनेक घरांतले आजारी तिनं उचलले-पुसले होते. तिनं टीव्हीकडे पाहिलं, मग चादरीवर पडलेल्या तात्यांच्या हातांकडे.

"हाथ तो हिला नहीं, दीदी।"

"हाथ से नहीं, बाई. मन से."

स्वतःचंच वाक्य कानावर पडलं आणि मुक्ता ओशाळली. ऑफिसात कुणी असं बोललं असतं तर तिनं त्याला हसण्यावारी नेलं असतं. पण खोलीत चौकोन होता, तो बरोबर उत्तरं देत होता, आणि दुसरं कुठलं मन तिथे नव्हतं.

उशीचा अभ्रा बदलताना सज्जनबाईनं जुना अभ्रा मुक्तापुढे धरला. तो पिळून काढण्याइतका ओला होता.

"आप टीवी लगाती हो तो बाबूजी पसीना-पसीना हो जाते हैं।"

"गर्मी है, बाई."

"सुबह भी तो गर्मी थी," सज्जनबाई म्हणाली आणि अभ्रा बादलीत टाकला.

४

नाकातली नळी फार दिवस ठेवणं बरं नाही, असं डॉक्टर सांगत होते. अन्न छातीत उतरण्याचा धोका असतो. इंदूरला नेऊन पोटातून नळी घालावी, साधं ऑपरेशन आहे. विक्रांतनं फोनवर सगळी चौकशी करून ठेवली होती.

मुक्तानं चौकोनाला विचारलं. तो खाली गेला. नाही.

"तात्या, नीट ऐका. नाकात दुखतं ना तुम्हाला? पोटातून नळी घातली की बरं वाटेल. करायचं?"

नाही.

"भीती वाटते का?"

तो मधे थांबला. मग हळूहळू वर. हो. संध्याकाळी तिनं विक्रांतला सांगितलं, "तात्यांना नकोय रे ऑपरेशन."

"तुला कोणी सांगितलं?"

तिनं आढेवेढे घेत सगळं सांगितलं. पलीकडून विक्रांत अगदी मऊ आवाजात म्हणाला, "ताई, तू झोपतेस ना नीट?"

"मला वेड लागलेलं नाही, विक्रांत. मी तपासून घेतलंय. प्रत्येक उत्तर बरोबर आलं."

"बरं. मग माझा एक प्रश्न विचार. माझी दहावी झाली तेव्हा मी आणि तात्या दोघंच ओंकारेश्वरला गेलो होतो. तिथे नावेत काहीतरी झालं होतं. आम्ही घरी कोणालाच सांगितलं नाही. विचार त्यांना, मी पाण्यात पडलो होतो का म्हणून."

दुसऱ्या दुपारी तिनं विचारलं. चौकोन पडद्याच्या मध्यावर होता. तो वर गेला नाही, खालीही आला नाही. तिनं पुन्हा विचारलं. तो हललाच नाही. पण तो गेलेलाही नव्हता, हे तिला जाणवत होतं. समोरचा माणूस उत्तर येत नसलं की आपल्या चेहऱ्याकडे बघत राहतो, तसं काहीतरी.

विक्रांतनं मग सांगितलं, तो पडला नव्हता. तात्यांचा चष्मा नर्मदेत पडला होता, आणि तात्या परत येईपर्यंत त्याचा हात धरून चालले होते.

त्या रात्री भाकरी थापताना मुक्ताच्या मनात आलं की चौकोनानं आजवर जी जी उत्तरं बरोबर दिली, ती सगळी तिला स्वतःला आधीच माहीत होती. भुसावळ, वर्धा, मुक्ती. एकही गोष्ट अशी नव्हती, जी फक्त तात्यांना ठाऊक असेल. भाकरी तव्यावर करपली तेव्हा ती भानावर आली. झटक्यात आठवणी जातात माणसाच्या, असं म्हणून तिनं तो विचार बाजूला सारला. तो सारला नसता तर तिच्याकडे काय उरलं असतं? पुन्हा ती दुपार, तो कूलर आणि न बघणारे डोळे.

त्यानंतर चौकोन थोडा बदलला. प्रश्न पुरता तोंडातून निघायच्या आत तो उत्तर द्यायला लागला. मग एकदा मुक्ता नुसतीच बसली होती, काही विचारलं नव्हतं. मनात एवढंच आलं होतं की आपण फार दमलोय, हे संपेल का कधी. चौकोन सरळ वर गेला आणि ‘हो’ या अक्षराखाली जाऊन थांबला.

तिनं टीव्ही बंद केला. दोन दिवस लावला नाही. तिसऱ्या दिवशी लावला.

५

मे महिना लागला आणि तात्यांना ताप भरला. सकाळपासून छातीत घुरघुर वाजत होती. विक्रांत निघाला होता, पण त्याची गाडी संध्याकाळी पोचणार होती.

"दीदी, एम्बुलेंस बुला लो," सज्जनबाई म्हणाली. "अन्न छाती में उतर गया है। मैंने देखा है ऐसा।"

"हो, बोलावते. एक मिनिट." मुक्ता टीव्हीशी वाकली. "त्यांना विचारते आधी."

पडदा उजळला. राखाडी चौकोन आधीच खालच्या कडेला जाऊन बसला होता. नाही.

"तात्या, हॉस्पिटलमध्ये जायला लागेल."

नाही.

"तात्या, प्लीज."

चौकोन जागचा हलला नाही. मुक्ता चटईवर बसली. तिच्या हातात फोन होता, नंबर लावलेला होता, आणि अंगठा पुढे होत नव्हता. आपल्या माणसानं नको म्हटलं तर त्याला फरफटत न्यायचं का, हा एकच विचार तिच्या डोक्यात फिरत होता. मागे घुरघुर चालू होती. किती वेळ गेला ते तिला नंतर सांगता आलं नाही. वाळ्याच्या पडद्यावर मारलेलं पाणी सुकून गेलं होतं.

सज्जनबाई तात्यांची पाठ थोपटत होती. ती एकाएकी थांबली.

"दीदी, एक बार बाबूजी से पूछ लो।"

"उन्हीं से तो पूछ रही हूँ."

"नहीं," सज्जनबाई म्हणाली. "आप टीवी से पूछ रही हो। आपने कितने दिन से उनका मुँह नहीं देखा।"

मुक्ता वळली. इतक्या दुपारी ती या खोलीत बसली होती, ती पाठ करून. आता गुडघ्यांवर सरकत ती पलंगाशी गेली आणि तात्यांच्या चेहऱ्याजवळ चेहरा नेला.

तात्या बघत होते.

त्यात शंकेला जागा नव्हती. झटक्यानंतरच्या त्या रिकाम्या, छताला लागलेल्या नजरेची मुक्ताला सवय झाली होती. ही नजर वेगळी होती, मोठ्या कष्टानं एका बाजूला ओढलेली. पण तात्या तिच्याकडे बघत नव्हते, टीव्हीकडेही नव्हते. चटईवर, ती आत्ता बसली होती त्याच्या शेजारी, जिथे चटईचा अर्धा भाग मोकळा होता, तिथे ते बघत होते. आणि तिथे कुणी बसल्याबसल्या हालचाल करावी तशी त्यांची बुबुळं बारीक बारीक हलत होती. कपाळावरून घामाची धार लागली होती.

"तात्या," मुक्ता म्हणाली. "मला ऐकू येतंय का तुम्हाला? येत असेल तर डोळे मिटा."

तात्यांनी डोळे मिटले. घट्ट मिटले आणि उघडले.

"नसेल जायचं तर दोनदा मिटा. जायचं असेल तर एकदा. हॉस्पिटलमध्ये जायचंय?"

एकदा.

"ऑपरेशन? तुम्ही नको म्हणाला होतात ना?"

दोनदा. मग पुन्हा दोनदा. पुन्हा. ते थांबतच नव्हते. पापण्यांनी माणूस ओरडू शकत असेल तर तात्या ओरडत होते.

सज्जनबाईनं मुक्ताच्या हातातून फोन घेतला आणि ॲम्ब्युलन्स बोलावली. मुक्तानं टीव्हीकडे पाहिलं. चौकोन ‘नाही’ वर आपटत होता. वर उचलून खाली, वर उचलून खाली, कुणी चिडून बटण बडवावं तसा. आवाज काहीच नव्हता. आवाजाचा कोड तिनं अजून लिहिलाच नव्हता.

ती धावत दाराजवळच्या बोर्डापाशी गेली आणि स्विच बंद केला. पडदा आत ओढल्यासारखा मिटला. मधला ठिपका विझला, काच काळी झाली, आणि त्या फुगीर काचेत खोली दिसायला लागली. लहान, वाकडी. खिडकीचा उजेड, पलंगाचा पाय, सज्जनबाईची पाठ, चटईवर बसलेली मुक्ता.

कानामागे सुटलेले केस, पाठीला आलेला पोक, मांडीवर जवळ घेतलेले हात; अंगठे हलत होते. आपण इतक्या वाईट दिसायला लागलो आहोत, हेच तिच्या मनात आधी आलं. मग हाताखालचा स्विच तिला जाणवला, आणि कळलं की आपण दाराशी उभ्या आहोत.

तिनं चटईकडे पाहिलं नाही. ॲम्ब्युलन्स येईपर्यंत ती तात्यांच्या कपाळावर हात ठेवून उभी राहिली.

६

तात्या वाचले. इंदूरच्या दवाखान्यात ते बरेच दिवस होते. पोटातून नळी घातली, छाती मोकळी झाली. तिथल्या तरुण डॉक्टरणीनं त्यांना तपासून मुक्ताला आणि विक्रांतला बाजूला घेतलं.

"वे पूरे होश में हैं," ती म्हणाली. "शुरू से रहे होंगे। सब सुनते होंगे, सब देखते होंगे। सिर्फ़ बता नहीं सकते।"

विक्रांत भिंतीला टेकून रडला. मुक्ता रडली नाही. शुरू से, एवढेच दोन शब्द ती मनात घोळवत राहिली. म्हणजे पहिल्या दुपारपासून. आपल्या नावानं दुसरंच कुणी उत्तरं देतंय हे ते बघत होते, त्यावर लेक खुशीनं रडते आहे हेही बघत होते, आणि घामाशिवाय त्यांच्याकडे सांगायला काही नव्हतं.

मशीनचं काय झालं ते विक्रांतनं तिला सांगितलं नाही, तिनंही विचारलं नाही. तो एकटा उज्जैनला जाऊन घर आवरून आला होता.

दवाखान्यातल्या वाचा-उपचार करणाऱ्या बाईंनी त्यांना अक्षरांची रीत शिकवली. आपण क, ख, ग म्हणत जायचं. हवं ते अक्षर आलं की तात्या डोळे मिटतात. मग काना, मात्रा, वेलांटी. एक शब्द जुळवायला फार वेळ लागायचा. पहिला शब्द त्यांनी ‘पाणी’ सांगितला, दुसरा ‘विक्रांत’. तिसऱ्या दिवशी ‘सज्जनबाई’ म्हणाले, आणि तिला गाडी करून इंदूरला आणेपर्यंत पुन्हा पुन्हा तेच म्हणत राहिले. ती आली, त्यांच्या पायाशी बसली, तळवे चोळून दिले. तात्या तिच्याकडे नुसते बघत होते. जाताना तिनं पदरानं त्यांचे डोळे टिपले.

मुक्तानं पुष्कळ दिवस धीर केला नाही. मग एका सकाळी विक्रांत औषधं आणायला खाली गेला होता, खोलीत कोवळं ऊन आलं होतं आणि तात्यांचा चेहरा स्वस्थ दिसत होता. तिनं स्टूल पलंगाजवळ ओढलं.

"तात्या, मला माफ करा."

त्यांनी एकदा डोळे मिटले. हो.

"ते कोण होतं?"

तात्या बराच वेळ छताकडे बघत राहिले. मग त्यांनी डोळे तिच्यावर आणले, आणि ती अक्षरं म्हणायला लागली. म आणि काना, ह आणि दीर्घ वेलांटी, त. पुढचं तिला कळलं. "माहीत नाही?"

हो.

"रोज यायचं? मी चटई टाकली की?"

हो. आणि त्यांना आणखी काही सांगायचं होतं, हे त्यांच्या नजरेवरून दिसत होतं. ती पुन्हा सुरुवातीपासून म्हणत गेली. त आणि उकार. झ, त्याला य. काना. बाहेर कॉरिडॉरमधून कुणीतरी ट्रॉली ढकलत नेली. ‘तुझ्या’. मग ‘सारखं’. मुक्ता थांबली नाही. शेवटचा शब्द ‘बसतं’ निघाला.

तुझ्यासारखं बसतं.

मुक्ता गुडघा पोटाशी घेऊन, त्यावर हनुवटी टेकून बसली होती. तिनं पाय खाली सोडला आणि पाठ ताठ केली. मग शब्दाचं शेवटचं अक्षर तिला पुन्हा ऐकू आल्यासारखं झालं. ‘बसायचं’ असं ते म्हणाले नव्हते; ‘बसतं’ म्हणाले होते. अक्षरं वाचवायला माणूस छोटा शब्द घेतो, असं तिनं स्वतःला समजावलं. घ्यायलाच हवा; एकेका अक्षराला किती कष्ट पडतात.

तिच्या उजव्या हाताला खोलीतलं दुसरं स्टूल होतं, विक्रांतचं, आत्ता रिकामं.

"तात्या," ती म्हणाली, "आता नाहीये ना ते? नसेल तर दोनदा मिटा."

तात्यांनी तिच्या चेहऱ्यावरची नजर हलवली नाही. एवढीशीही कुठे वळू दिली नाही. आणि त्यांनी डोळे मिटले नाहीत, एकदाही नाही, दोनदाही नाही. ते उघडेच धरून राहिले. पापण्या थरथरायला लागल्या, कडा लाल झाल्या, पाणी भरलं, कानशिलावरून उशीवर ओघळलं. ते लेकीकडे बघत राहिले.

"बरं, तात्या," मुक्ता शेवटी म्हणाली. "नका सांगू."

तिनं हात पुढे केला आणि बोटांनी त्यांच्या पापण्या हलकेच खाली ओढल्या.